टेलिफोटो लेन्सने पौर्णिमेचा चंद्र टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांना चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसतात, मग फोटोत तो नुसता पांढरा गोळा का येतो?

कारण कॅमेरा चंद्राचा विचार करत नाही, तो संपूर्ण चौकटीची सरासरी काढतो. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या आकाशाने व्यापलेला असल्यामुळे त्याला वाटते की दृश्य फार अंधारे आहे. मग तो शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि त्या भरात चंद्र पूर्ण पांढरा पडतो. एकदा असा जळालेला भाग नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये परत मिळत नाही.

हा प्रश्न सुटण्यासाठी मनात एक गोष्ट पक्की बसवावी लागते, ती म्हणजे चंद्राचा फोटो हा रात्रीचा फोटो नव्हे. आपण रात्री अंगणात किंवा गच्चीवर उभे असलो, तरी ज्या वस्तूवर लेन्स रोखलेली आहे तिथे भर दुपार आहे. पौर्णिमेला चंद्राचा आपल्याकडचा संपूर्ण चेहरा थेट उन्हात असतो. तो खडक मुळात काळपट आहे, पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परत फेकतो, म्हणजे साधारण जुन्या डांबरी रस्त्याइतका. उन्हातल्या डांबरी रस्त्याचा फोटो ज्या एक्स्पोजरने (सेन्सरवर घेतलेल्या प्रकाशाच्या मापाने) काढला असता, त्याच्या आसपासच चंद्राचे एक्स्पोजर येते.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या वस्तीवर उगवलेल्या चंद्राचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना घाईत लाइट मीटर सापडला नव्हता. चंद्राची चकाकी दर चौरस फुटाला २५० कँडल असते एवढे त्यांना पाठ होते आणि त्या एका आकड्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. चंद्राची चकाकी इतकी भरवशाची आहे की मीटर नसला तरी अडत नाही.

मग नेमके कोणते सेटिंग ठेवावे?

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्यावा. जुना आणि आजही उपयोगी पडणारा नियम असा, की अ‍ॅपर्चर (लेन्सच्या उघडण्याचे माप) एफ/११ असेल तर शटर स्पीड आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका ठेवावा. आयएसओ १०० ला १/१००, आयएसओ २०० ला १/२००. मी स्वतः बहुतेक वेळा एफ/८, आयएसओ २०० आणि १/४०० येथून सुरुवात करतो, हिशेबाने ते एकच आहे. चंद्र डोक्यावर असेल आणि हवा स्वच्छ असेल तर एवढ्यात काम होते. धुरकट हवेत किंवा तो खाली असताना एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त प्रकाश द्यावा लागतो.

पहिला फोटो काढल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा डावीकडे काळे ते उजवीकडे पांढरे असा आलेख, पाहावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र अंधारात नेहमीच जास्त उजळ भासते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये. काळ्या आकाशाचा उंच खांब डावीकडे असेल तो सोडून द्यावा. त्याच्या उजवीकडे दिसणारा छोटा उंचवटा चंद्राचा असतो. तो उजव्या भिंतीच्या जवळ यावा, पण भिंतीला टेकू नये. सर्वांत आधी जळतो तो अ‍ॅरिस्टार्कस आणि टायको या विवरांभोवतीचा भाग, म्हणून तिथे लक्ष ठेवावे. फोटो रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यावेत.

किती मिलिमीटरची लेन्स पुरेल?

चंद्र आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा आहे. त्यामुळे एक सोपा हिशेब करता येतो. लेन्सच्या फोकल लेंथला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) ११० ने भागले की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. २०० मिलिमीटरला १.८, ४०० ला ३.६ आणि ६०० ला साडेपाच मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, म्हणजे ६०० मिलिमीटरची लेन्स लावूनही चंद्र चौकटीच्या उंचीचा पावभागसुद्धा व्यापत नाही. हे पाहून अनेकांचा हिरमोड होतो, पण तसे होण्याचे कारण नाही.

महत्त्व आहे ते चंद्र किती पिक्सेलवर पडतो याला. सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर ३०० मिलिमीटरच्या लेन्सने चंद्राचा व्यास ६८० पिक्सेल येतो आणि ६०० ने १३६० पिक्सेल. चंद्राचा खरा व्यास ३४७४ किलोमीटर असल्यामुळे दुसऱ्या बाबतीत एका पिक्सेलमध्ये सुमारे अडीच किलोमीटर जमीन मावते आणि ८५ किलोमीटर रुंदीचे टायको विवर तेहतीस-चौतीस पिक्सेलचे दिसते. माझ्या मते ३०० मिलिमीटरपासून चंद्र गंभीरपणे टिपता येतो. २०० मिलिमीटरवर काळे सागर (चंद्रावरची गोठलेल्या लाव्हाची गडद मैदाने) आणि टायकोचे किरण नीट येतात आणि तेवढ्यावरही पुष्कळ शिकता येते.

टेलिकन्व्हर्टर लावावा, की फोटो क्रॉप करावा?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे, फोकल लेंथ वाढवणारे भिंग. १.४ पटीचा चांगला कन्व्हर्टर थोडा फायदा देतो आणि एक स्टॉप प्रकाश घेतो. चंद्र इतका उजळ आहे की तो एक स्टॉप परवडतो. २ पटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप घेतो आणि साध्या झूम लेन्सवर तो लावला की चित्र मोठे होते, तपशील मात्र वाढत नाही. अशा वेळी क्रॉप केलेलाच फोटो सरस ठरतो.

ट्रायपॉड वापरूनही फोटो थोडा हललेला येतो. चूक कुठे होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने मनातल्या मनात लेन्सला दोषी ठरवलेले असते. लेन्स बदलण्याआधी हे वाचावे.

६०० मिलिमीटर लेन्स आणि ४ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर एक पिक्सेल म्हणजे आकाशातला सुमारे १.४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा कोन. हा कोन किती लहान आहे? एक मीटर लांबीच्या पट्टीचे एक टोक सात मायक्रॉनने, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतके उचलले, तर ती तेवढी कलते. ट्रायपॉडपाशी पाऊल टाकले, शटरचे बटण बोटाने दाबले किंवा गळ्यातला पट्टा वाऱ्याने फडफडला, की याच्या कितीतरी पट हालचाल होते.

म्हणून बटणाला हात लावू नये. रिमोट वापरावा, नसेल तर सेल्फ टायमर. दोन सेकंदांचा टायमर लांब लेन्सला अनेकदा अपुरा पडतो, कारण हादरा विरायला त्याहून जास्त वेळ लागतो; पाच किंवा दहा सेकंदांचा ठेवावा. डीएसएलआर असेल तर आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय वापरावी. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर किंवा निदान पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असलेला पर्याय निवडावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, सर्वांत बारीक पाय शक्यतो उघडू नयेत आणि जड लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीवरून लोंबकळत न ठेवता लेन्सच्या स्वतःच्या कॉलरवर बसवावी. ट्रायपॉडच्या हुकाला पिशवी टांगण्याचा सल्ला दिला जातो, पण वारा असेल तर तीच पिशवी झुलून हादरे देते; ती जमिनीला टेकलेली असावी.

आणि एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. एका पौर्णिमेला हवा कमालीची स्थिर होती. दीडशेच्या आसपास फोटो घेतले आणि घरी येऊन पाहिले, तर प्रत्येकात चंद्राची कडा किंचित दुहेरी. फोकस नेमका होता, शटर वेगवान होते. लेन्सवरचे स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा) सुरू राहिले होते. ट्रायपॉडवर स्थिर असलेल्या लेन्समध्ये ती यंत्रणा काही वेळा नसलेली हालचाल शोधत भिंग हलवत राहते. काही नव्या लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो; तरीही चंद्रासाठी ते बंद ठेवणे सुरक्षित. ट्रायपॉड नसेल आणि लेन्स हातात धरूनच फोटो घ्यायचा असेल, तर मात्र ते सुरू ठेवावे, आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा आणि शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवावे.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर फोकस ठेवला तर चालेल का?

नाही. बहुतेक ऑटोफोकस लेन्सची कडी अनंताच्या खुणेच्या थोडी पलीकडेही फिरते, त्यामुळे कडी टोकापर्यंत फिरवली की चंद्र हमखास पुसट येतो. शिवाय रात्र थंडावत जाते तसा लांब लेन्सचा फोकस किंचित सरकतो.

लाइव्ह व्ह्यू सुरू करावा, चित्र दहा पट मोठे करावे आणि चंद्राची कडा पडद्यावर आणावी. एक्स्पोजर आधी ठरवलेले असावे, नाहीतर पडद्यावर नुसता पांढरेपणा दिसेल. मग कडी अगदी सावकाश फिरवावी. कडा आधी लोकरीसारखी दिसते, मग घट्ट होत जाते, एका क्षणी काळ्या आकाशापासून सुरीने कापल्यासारखी वेगळी होते आणि पुढे फिरवले की पुन्हा लोकर. त्या क्षणाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीनदा जाऊन यावे, म्हणजे मधली जागा हाताला कळते. ऑटोफोकस चंद्राच्या कडेवर चांगला बसतो, त्यामुळे आधी तो वापरून नंतर मॅन्युअलवर आणले तरी हरकत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी फोकस पुन्हा तपासावा.

चंद्र तर सतत सरकत असतो. त्यामुळे फोटो ताणला जाणार नाही का?

आकाशात तो दर दोन मिनिटांना स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. वर धरलेल्या ६०० मिलिमीटरच्या उदाहरणात हे सेकंदाला दहा-अकरा पिक्सेल होतात. १/१२५ सेकंदात सरकणे पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकेही होत नाही, म्हणून काळजी नसावी. चंद्र चौकटीबाहेर जाऊ नये यासाठी मात्र अधूनमधून ट्रायपॉड वळवावा लागतो.

सर्व काही बरोबर केले, तरी कडा उकळत असल्यासारखी दिसते. हे काय आहे?

ही हवा आहे, आणि चंद्राच्या छायाचित्रणात शेवटचा शब्द तिचाच असतो.

लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट मोठा केलेला चंद्र एक मिनिट नुसता पाहत बसावे. वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेले नाणे जसे हलते, तशी विवरे हलताना दिसतात. कडेवर बारीक लाटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावतात. मध्येच एखादा क्षण येतो, सगळे थांबते आणि टायकोभोवतीचा गडद पट्टा, कोपर्निकस विवराची कडा, सागरांमधल्या फिक्या रेषा एकदम लख्ख होतात. पुढच्या क्षणी पुन्हा लाटा सुरू. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर एकमेकांत मिसळताना प्रकाश सतत थोडा थोडा वाकतो, त्याचा हा परिणाम आहे. सामान्य ठिकाणी सामान्य रात्री हे हलणे दोन ते चार विकलांचे असते, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर दोन-तीन पिक्सेल. याहून लांब लेन्स लावली तरी ती हीच अस्थिरता मोठी करून दाखवते.

हवेवर आपला ताबा नसला तरी जागा आणि वेळ आपण निवडू शकतो. चंद्र क्षितिजापासून १० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत साडेपाच पट हवेतून येतो, ३० अंशांवर दुप्पट हवेतून. बारीक तपशील हवा असेल तर तो निदान ४० अंश वर येईपर्यंत थांबावे. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच असतो, आणि हिवाळ्यातल्या पौर्णिमांना तो उन्हाळ्यातल्यापेक्षा बराच वर चढतो, कारण पौर्णिमेला तो सूर्याच्या समोरच्या दिशेला असतो. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची, पत्र्याचे छप्पर, गाडीचे बॉनेट, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग यांच्यावरून लेन्स रोखू नये. गवत किंवा माती असलेली मोकळी जागा उत्तम. बंद खिडकीच्या काचेतून फोटो घेऊच नये. उघड्या खिडकीतूनही घेऊ नये, कारण आतली-बाहेरची हवा तिथेच मिसळत असते.

लेन्सलाही बाहेरच्या हवेशी जुळायला वेळ द्यावा. अर्धा-पाऊण तास आधी ती बाहेर ठेवावी. थंड खोलीतून दमट हवेत आणल्यावर काचेवर बाष्प धरते, ते पुसू नये. रुमालाने फक्त डाग पसरतात. थोडे थांबावे, ते आपोआप जाते. उशिरापर्यंत बसणार असाल तर लेन्स हूड लावल्याने दव उशिरा धरते.

एकच फोटो घ्यावा की अनेक?

अनेक. वर सांगितलेले ते स्थिर क्षण कधी येतील हे सांगता येत नाही, त्यामुळे पन्नास-शंभर फोटो घेऊन त्यातले चांगले निवडणे हाच मार्ग आहे. सर्वांत धारदार फोटो शोधून तो एकटाच वापरला तरी फरक दिसतो. त्यापुढे जायचे असेल तर ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्व फोटो द्यावेत. ते प्रत्येक फोटोचा दर्जा तपासते, त्यातले उत्तम तेवढे ठेवते, लहान लहान तुकड्यांत जुळवते आणि सरासरी काढते. सरासरीमुळे नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) कमी होतो, आणि नॉइज कमी झाला की चित्र जास्त धारदार करता येते. हे काम पुढे रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम होते. शार्पनिंग जपून करावे. चंद्राच्या कडेला पांढरी किंवा काळी रेघ उमटली, की हात मागे घ्यावा.

पौर्णिमेच्या फोटोत विवरे सपाट का दिसतात?

सावल्या नसतात म्हणून. त्या दिवशी सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्रावरच्या प्रत्येक डोंगराची सावली त्याच्याच आड लपते. विवरांची खोली पाहायची असेल तर अष्टमीच्या आसपासचा चंद्र टिपावा, जिथे उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपे पडते. सावल्या नाहीशा होण्याचा परिणाम असा, की पूर्ण चंद्र अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, सुमारे दहा पट प्रकाश देतो. साहजिकच अर्ध्या चंद्राला दीड-दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर लागते.

म्हणून पौर्णिमा वाया गेली असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. टायकोपासून निघून चंद्राचा मोठा भाग ओलांडणारे पांढरे किरण याच दिवशी पूर्ण वैभवात दिसतात. ते सुमारे १० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका आघाताने उधळलेले द्रव्य आहे, आणि तिरप्या उन्हात ते जवळजवळ दिसेनासे होते.

चंद्राचा रंग कोणता ठेवावा?

व्हाइट बॅलन्स (रंगछटेचे सेटिंग) सूर्यप्रकाशाचा ठेवावा, कारण चांदणे म्हणजे परावर्तित ऊनच. ऑटोवर ठेवल्यास उगवत्या चंद्राचा नारिंगी रंग कॅमेरा धुऊन टाकू शकतो. तो नारिंगी रंग हवेचा असतो. निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. चंद्राचे स्वतःचेही अगदी फिके रंग आहेत. अनेक फोटो जुळवून नॉइज घालवल्यावर सॅच्युरेशन थोडे थोडे वाढवत नेले, तर टायटॅनियम अधिक असलेला शांतिसागर निळसर आणि शेजारचा प्रसन्नतेचा सागर तपकिरी दिसू लागतो. दोघांच्या मधली सीमा फोटोत उमटली, की लाव्हाचे दोन वेगळे थर घरबसल्या ओळखता येतात.

क्षितिजावरचा चंद्र खरोखर मोठा असतो का? आणि सुपरमून?

क्षितिजावरचा मोठेपणा हा मनाचा भास आहे. डोक्यावर येताना चंद्र उलट पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६४०० किलोमीटर जवळ येतो आणि किंचित मोठा होतो. एकाच लेन्सने दोन्ही वेळा फोटो घेऊन मोजून पाहावे.

सुपरमूनचा, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेचा, फरक खरा आहे. सर्वांत दूरच्या पौर्णिमेपेक्षा सर्वांत जवळची पौर्णिमा सुमारे १४ टक्के रुंद आणि ३० टक्के उजळ असते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर ३.४ ऐवजी ३.९ मिलिमीटर. दोन फोटो शेजारी ठेवले की दिसते, एरवी नाही.

इमारतीमागून किंवा टेकडीमागून उगवणारा मोठा चंद्र कसा टिपतात?

येथेही तोच ११० चा आकडा कामी येतो. वस्तूच्या आकाराच्या ११० पट अंतरावर उभे राहिले की ती चंद्राएवढी दिसते. ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी ३.३ किलोमीटर मागे जावे लागते, माणसाच्या आकृतीसाठी १८० ते १९० मीटर. चंद्राला लेन्स मोठे करते, पण समोरच्या वस्तूच्या तुलनेत त्याला मोठे करते ते आपले दूर जाणे.

६०० मिलिमीटर आणि एफ/८ ला फोकस दीड किलोमीटरवर ठेवला, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात पाऊण किलोमीटरपासून चंद्रापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. म्हणून मनोरा सोपा. माणूस मात्र इतका जवळ असतो की तो किंवा चंद्र यांपैकी एकच धारदार मिळतो. मी अशा वेळी माणसावर फोकस ठेवतो.

दिवस निवडताना पौर्णिमेपेक्षा आदल्या संध्याकाळचा विचार करावा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणजे आदल्या दिवशी तो सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत दोघांचे एक्स्पोजर जुळते. नंतर जमीन काळी पडते. उगवण्याची नेमकी दिशा महिन्यागणिक बदलते, ती स्टेलेरियम किंवा फोटोपिल्स या अ‍ॅपमध्ये आधी पाहून जागेवर दिवसा जाऊन यावे. चंद्र दोन मिनिटांत स्वतःएवढा सरकत असल्यामुळे मनोऱ्याच्या बरोबर मागे तो दोन-तीन मिनिटेच असतो.

वेगळ्या रात्रीचा चंद्र वेगळ्या दृश्यावर चिकटवलेला फोटो तसा सांगून दाखवावा. न सांगता दाखवणे मला मान्य नाही.

फोनच्या फोटोत माझ्या लेन्सपेक्षा जास्त तपशील कसा दिसतो?

काही फोन चंद्र ओळखतात आणि आधी शिकवलेल्या माहितीच्या आधारे त्याचे तपशील ठळक करतात. चंद्र आपल्याला नेहमी तीच बाजू दाखवतो, म्हणून हे शक्य होते. तो तपशील त्या रात्री त्या भिंगातून आलेला असेलच असे नाही.

चंद्राकडे लांब लेन्स रोखल्याने डोळ्यांना किंवा सेन्सरला धोका आहे का?

नाही. सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे चार लाख पट प्रखर आहे. फक्त सूर्यास्ताच्या आसपास लेन्स फिरवताना ती सूर्याकडे वळू देऊ नये.

तीच बाजू दिसते, तर एकदा चांगला फोटो मिळाल्यावर पुन्हा काढून काय मिळणार?

ती बाजू अगदी तीच नसते. चंद्र किंचित मान हलवतो. पूर्व-पश्चिम सुमारे आठ अंशांपर्यंत आणि उत्तर-दक्षिण सुमारे पावणेसात अंशांपर्यंत. त्यामुळे कालांतराने त्याच्या पृष्ठभागाचा ५९ टक्के भाग आपल्याला पाहायला मिळतो. कडेजवळ मारे क्रिसियम नावाचा एक सुटा, लंबगोल काळा सागर आहे. वर्षभरातल्या पौर्णिमांचे फोटो एकाच मापाला आणून ओळीने लावावेत आणि त्या सागरापासून कडेपर्यंतची पांढरी पट्टी पाहावी. एका महिन्यात ती इतकी अरुंद असते की सागर कडेला टेकल्यासारखा भासतो, आणि दुसऱ्या एखाद्या महिन्यात तिच्या पलीकडे आणखी एक बारीक काळी रेघ डोकावते, जी आधीच्या फोटोत नव्हतीच.